माशी, बॉम्ब आणि शिशाचा तुकडा

आठ वर्षांचं मूल लंगडायला लागतं आणि गुडघा दुखतो म्हणतं. डॉक्टर गुडघा सोडून खुबा तपासतात, कारण लहान मुलांत खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं. मग कमरेपासून मांड्यांपर्यंतचा एक्स-रे काढायला सांगतात. दहा-वीस वर्षांपूर्वीचा असा एखादा एक्स-रे उजेडासमोर धरून पाहावा. दोन्ही बाजूंना मांडीच्या हाडांचे गोल माथे दिसतात, ते ज्या खोबणीत बसतात ती खोबण दिसते, वर कमरेची पसरट हाडं दिसतात. मधोमध, जिथे माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी दिसायला हवं, तिथे मात्र एक पांढराफटक तुकडा असतो. कधी त्रिकोणी, कधी पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा, कडा कात्रीनं कापल्यासारख्या. हे हाड नव्हे. एक्स-रे काढताना ओटीपोटावर ठेवलेलं ते शिसं आहे. शिशातून किरण पार होत नाहीत, म्हणून फिल्म तिथे कोरी राहते.

हा तुकडा ठेवण्याची रीत साठ-सत्तर वर्षं जगभर पाळली गेली. बीजांडकोश आणि वृषण यांचं किरणांपासून रक्षण व्हावं, हा हेतू. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेनं, ‘एएपीएम’नं, ही रीत बंद करा असं जाहीर केलं. एवढी जुनी, एवढी सर्वमान्य सवय सोडून द्यायची म्हणजे ती मुळात लागली कशी, हे पाहावंच लागतं. आणि तो माग काढत गेलं की वाट ना अस्थिरोगतज्ज्ञाच्या दारात थांबते, ना क्ष-किरणतज्ज्ञाच्या. ती जाते अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात, फळमाश्यांनी भरलेल्या काचेच्या बाटल्यांपाशी.

सुरुवातीचे टप्पे सर्वांना ठाऊक आहेत. नोव्हेंबर १८९५ मध्ये वुर्झबर्गला राँटगेननं किरण शोधले आणि वर्षभरात ते जगभरच्या इस्पितळांत पोहोचले. पाठोपाठ भाजलेले हात आले, झडलेली बोटं आली. एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली १९०४ साली त्यापायी गेला. बोस्टनचा दंतवैद्य विल्यम रॉलिन्स शतकाच्या आरंभीच सांगत होता की किरणांची नळी आवरणात ठेवा. शिसं एक्स-रेच्या खोलीत आलं ते असं, आणि आलं ते किरण सोडणाऱ्या माणसासाठी. टेबलावर झोपलेल्या रुग्णाच्या अंगावर ते कसं गेलं, हा निराळा प्रश्न आहे.

त्याचं एक सोपं उत्तर नेहमी दिलं जातं: वंध्यत्वाची भीती. त्याला आधारही भक्कम आहे. हॅम्बुर्गच्या हाइनरिख आल्बर्स-शेनबर्गनं १९०३ साली दाखवून दिलं की किरण दिलेले नर ससे आणि गिनीपिग वरवर धडधाकट राहतात, पण त्यांना पिल्लं होत नाहीत. दोन वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये एक्स-रेवर काम करणाऱ्या पुरुषांच्या वीर्यात शुक्राणूच नसल्याचं आढळलं. १९०६ साली फ्रान्सच्या बर्गोनिए आणि ट्रिबोंदो यांनी उंदरांच्या वृषणांवर प्रयोग करून नियम मांडला की ज्या पेशी झपाट्यानं विभागतात त्यांना किरण जास्त बाधतात. आल्बर्स-शेनबर्ग स्वतः १९२१ साली किरणांच्या इजेनं मरण पावला. एवढं सगळं समोर असताना डॉक्टरांनी रुग्णाचं ओटीपोट झाकायला सुरुवात केली असेल, असं कुणालाही वाटेल.

पण तारखा तसं सांगत नाहीत. १९०३ नंतर जवळजवळ अर्धशतक रुग्णाच्या जननेंद्रियांवर शिसं ठेवण्याचा सर्वत्र पाळला जाणारा नियम दिसत नाही. १९२८ साली स्टॉकहोमला किरणांपासून संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय समिती बसली, १९३४ साली तिनं दिवसाला ०.२ राँटगेनची (राँटगेन हे किरणांचं तेव्हाचं माप) मर्यादा घातली, ती कामगारांसाठी. रुग्णांच्या बाबतीत तर उलटच घडलं. किरणांनी बीजांडकोश काही काळ बंद पडतात, हे कळल्यावर डॉक्टरांनी त्याचा उपचार म्हणून उपयोग सुरू केला. पाळी पुन्हा सुरू झाली, मूल होऊ शकलं, म्हणजे इजा भरून निघाली, अशी समजूत होती.

हिशेबानंही हे उत्तर टिकत नाही. पुरुषाला तात्पुरतं वंध्यत्व यायला वृषणांना सुमारे १५० मिलिग्रे मात्रा एकदम मिळावी लागते, कायमचं यायला हजारो. १९५० च्या दशकातल्या जुन्या यंत्रानं काढलेला खुब्याचा एक्स-रेसुद्धा त्या पहिल्या आकड्याच्या कितीतरी खाली राहत असे. वंध्यत्वाच्या भीतीनं शिसं ठेवायचं, तर ते उपचारासाठी किरण देणाऱ्या खोलीत ठेवायला हवं होतं. लंगडणाऱ्या मुलाच्या एक्स-रेत ते येण्याचं कारण वंध्यत्वात सापडत नाही.

ते कारण १९२७ साली जन्मलं. टेक्सास विद्यापीठात हर्मन जोसेफ म्युलर फळमाश्यांवर किरण सोडत होता. जनुकांत आपोआप होणारे बदल इतके विरळ असतात की मोजायचे तरी कसे, ही त्या काळची अडचण. म्युलरनं ती ज्या युक्तीनं सोडवली ती जवळून पाहण्यासारखी आहे. किरण दिलेल्या नराचा संबंध त्यानं एका खास मादीशी घडवला. तिच्या एका एक्स गुणसूत्रावर तीन खुणा बांधलेल्या होत्या: एक गुणसूत्रांची अदलाबदल रोखणारी, एक जीवघेणी आणि एक डोळे अरुंद करणारी. पुढच्या पिढीतल्या अरुंद डोळ्यांच्या माद्या तो वेगळ्या काढी आणि प्रत्येकीला स्वतंत्र बाटलीत ठेवी. अशा मादीकडे एक एक्स आईकडून आलेलं, जीवघेणं. दुसरं किरण खाल्लेल्या बापाकडून आलेलं. तिच्या मुलग्यांपैकी निम्मे पहिल्यामुळे मरणारच. दुसऱ्या एक्सवर किरणांनी नवा जीवघेणा बदल घडवला असेल, तर उरलेले निम्मेही मरणार. म्हणजे बाटली उजेडात धरायची आणि पाहायचं: आत नर माशी आहे की नाही? एकही नर नाही, तर बदल झाला. मोजणी इतकी सोपी झाल्यामुळे हजारो बाटल्या तपासता आल्या. जोरदार मात्रा दिलेल्या माश्यांत बदलांचं प्रमाण सुमारे १५० पट वाढलेलं निघालं.

निबंध ‘सायन्स’मध्ये आला आणि १९४६ साली म्युलरला नोबेल मिळालं. पण एक्स-रेच्या खोलीच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. त्याच पहिल्या निबंधात म्युलर डॉक्टरांकडे वळतो आणि स्त्रियांना किरणांनी तात्पुरतं वंध्यत्व आणण्याच्या प्रथेवर बोट ठेवतो. बीजपेशी सावरली म्हणजे ती निर्दोष झाली असं नाही. तिच्यातला बिघाड पुढच्या पिढ्यांत उतरू शकतो, असा त्याचा मुद्दा. वंध्यत्वाची भीती आणि वारशाची भीती इथे एकमेकींपासून फुटून वेगळ्या होतात. पहिलीत नुकसान रुग्णाचं आणि मोठ्या मात्रेनं. दुसरीत नुकसान अजून न जन्मलेल्याचं, आणि तेही कितीही लहान मात्रेनं. खुब्याच्या एका एक्स-रेची धास्ती वाटायला ही दुसरी भीतीच लागते.

‘कितीही लहान मात्रेनं’ या शब्दांवरून मोठा वाद झाला आहे. डिसेंबर १९४६ मधल्या नोबेल व्याख्यानात म्युलरनं ठामपणे सांगितलं की निर्धोक अशी किमान मात्रा नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे एडवर्ड कॅलब्रीज गेली अनेक वर्षं मांडत आले आहेत की त्या व्याख्यानाच्या थोडंच आधी अर्न्स्ट कॅस्पारीच्या प्रयोगाचं हस्तलिखित म्युलरच्या हाती आलं होतं. त्यात मंद गतीनं दिलेल्या मात्रेनं माश्यांत बदल वाढल्याचं दिसत नव्हतं, आणि म्युलरनं ते झाकलं, असा त्यांचा आरोप आहे. दुसरी बाजू म्हणते की एका अपुऱ्या, पुन्हा करून पाहायला हव्या अशा प्रयोगावरून मत बदलायचं कारण नव्हतं. व्याख्यानातला ठामपणा जरा जास्तच होता, हे मान्य करायला हवं. पण लबाडीचा आरोप पटत नाही, कारण पुढे अमेरिकेतल्या ओक रिजच्या प्रयोगशाळेत विल्यम आणि लिआन रसेल यांनी उंदरांवर जे मोजलं ते आधी म्युलरच्या बाजूनं गेलं. उंदरांची जनुकं माश्यांच्या सुमारे १५ पट हळवी निघाली. तीच मात्रा सावकाश दिली तर बदल कमी होतात, हे त्यांनाच १९५८ साली दिसलं. तोवर शिशाचा तुकडा टेबलावर येऊन पडला होता.

तो नेमका कशामुळे पडला, याबद्दल आणखी एक मत आहे आणि ते सहज बाजूला सारण्यासारखं नाही. ते म्हणतं, माशी नव्हे, बॉम्ब. मार्च १९५४ मध्ये अमेरिकेनं बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. किरणोत्सारी धूळ एका जपानी मासेमारी बोटीवर पडली आणि जगभर खळबळ उडाली. चौकशीसाठी समित्या बसल्या. जून १९५६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा आणि ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा अहवाल एकाच दिवशी बाहेर आला. अमेरिकी अहवालातला हिशेब पाहण्यासारखा आहे. तीस वर्षांत माणसाच्या जननेंद्रियांना निसर्गातून सरासरी ४.३ राँटगेन मिळतात, वैद्यकीय एक्स-रेतून सुमारे ३ आणि चाचण्यांच्या धुळीतून ०.१. समिती बसली बॉम्बमुळे, आणि बोट गेलं इस्पितळाकडे! वयाच्या तिशीपर्यंत मानवनिर्मित किरणांची सरासरी १० राँटगेनच्या वर जाऊ देऊ नये, अशी शिफारस झाली. चाचण्यांवरचं लक्ष उडवण्यासाठी डॉक्टरांना पुढे केलं, असं म्हणणारे आजही आहेत.

बॉम्बचा हात नाकारण्यात अर्थ नाही. पण १९५६ च्या आधीच, १९५२ साली, स्कँडिनेव्हियातल्या ‘अ‍ॅक्टा रेडिओलॉजिका’मध्ये वृषणांच्या रक्षणासाठीच्या एका साधनाचं वर्णन छापून आलं होतं. बिकिनीची धूळ तेव्हा उडालीही नव्हती. शिवाय अमेरिकी समितीचा जो गट आनुवंशिकतेचा विचार करत होता, त्यात म्युलर स्वतः होता. १९२७ पासून तो जे सांगत आला होता, तेच आता सरकारी कागदावर उतरलं. या वंशावळीत माशी ही आई आणि बॉम्ब ही सुईण, असंच म्हणावं लागतं.

याचा सगळ्यात पक्का पुरावा पुढच्या मोजपट्टीत आहे. ब्रिटनमध्ये लॉर्ड अ‍ॅड्रियन यांच्या समितीनं १९५० च्या दशकाच्या अखेरीस देशभरातल्या एक्स-रेची पाहणी केली. समितीनं मोजली ती ‘आनुवंशिक दृष्ट्या महत्त्वाची मात्रा’. ती काढताना प्रत्येक रुग्णाच्या जननेंद्रियांना मिळालेल्या मात्रेला, त्या रुग्णाला पुढे किती मुलं होण्याचा संभव आहे त्या आकड्यानं गुणतात. सत्तरीतल्या आजीचा खुबा मोडला, तर तिच्या एक्स-रेची किंमत शून्य. सात वर्षांच्या नातीचा तोच एक्स-रे हिशेबात भरपूर मोठा. रुग्णाच्या स्वतःच्या प्रकृतीचा या गुणाकारात संबंधच येत नाही. मोजली जाते ती फक्त पुढची पिढी. या मापानं पाहिल्यावर खुबा, कटिभाग आणि कमरेचा कणा असे थोडेच एक्स-रे एकूण आनुवंशिक मात्रेचा मोठा वाटा उचलताना दिसले. हात-पाय-छातीचे लाखो एक्स-रे मागे पडले आणि लहान मुलाचा खुबा पुढे आला. शिशाचा तुकडा तिथेच का स्थिरावला, ते यावरून कळतं. शिसं-रबराचे जुने अ‍ॅप्रन खोलीत होतेच. पहिले तुकडे बहुधा त्यांतूनच कातरले गेले असावेत. पुढे मापाचे, मुलामुलींसाठी निरनिराळे, नळीला टांगायचे असे प्रकार निघाले. १९७६ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं शिफारस काढली आणि रिवाजाला सरकारी शिक्का मिळाला.

१९५६ सालीच ऑक्सफर्डच्या अ‍ॅलिस स्ट्युअर्ट यांनी गरोदर स्त्रियांच्या ओटीपोटाच्या एक्स-रेचा मुलांच्या कर्करोगाशी संबंध दाखवला. ही कथा वेगळ्या शाखेची. तिच्यातून गरोदरपणाबद्दल विचारण्याची शिस्त आली आणि ती आजही योग्य आहे.

आता तुकड्याखाली काय झाकलं जातं ते पाहू. खुब्याचा समोरून एक्स-रे काढताना रुग्णाला उताणं झोपवतात आणि दोन्ही पाय १५ ते २० अंश आत वळवतात, पायांचे अंगठे एकमेकांना भिडतील असे. मांडीच्या हाडाची मान मुळात थोडी पुढे झुकलेली असते. पाय आत वळवले की ती पूर्ण लांबीची दिसते. मानेखाली आतल्या बाजूला हाडाचा एक लहान उंचवटा आहे. तो जेमतेम दिसत असेल तर पाय नीट वळवलेले आहेत, ठळक दिसत असेल तर नाहीत. मग डॉक्टर रेषा शोधतात. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या शेंटननं विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवलेली कमान अजून तेवढीच उपयोगी आहे: मानेची आतली कड आणि जांघेच्या हाडाची खालची कड मिळून एक अखंड वळण व्हायला हवं. ते तुटलं, तर खुबा निखळला किंवा मान मोडली अशी शंका घ्यायची. पुढे त्रिकास्थीच्या छिद्रांच्या बारीक कमानी, त्याच्या दोन्ही बाजूंचे सांधे आणि पुढचा जोड. कटिभाग हे हाडांचं कडं आहे. एका ठिकाणी मोडलं की दुसरीकडेही मोड शोधावी लागते. मुलींच्या एक्स-रेतलं शिसं नेमकं त्रिकास्थीवर येतं आणि मुलांचं जरा वर सरकलं की पुढचा जोड झाकला जातो.

एवढं करून रक्षण तरी होतं का? बीजांडकोश बाहेरून दिसत नाहीत आणि त्यांची जागा मुलीगणिक बदलते. कित्येकींत ते तुकड्याच्या कडेबाहेर असतात. नेदरलँड्समध्ये २०१२ साली मुलांचे ५०० एक्स-रे तपासले, तेव्हा मुलींच्या ९१ टक्के आणि मुलांच्या ६६ टक्के एक्स-रेत शिसं चुकीच्या जागी निघालं. शरीराच्या आत विखुरणाऱ्या किरणांना वरचं शिसं अडवत नाही. आजच्या यंत्रांत रुग्णाखाली संवेदक असतात आणि पुरेसे किरण पोहोचले की ते यंत्र थांबवतात. संवेदकावर शिसं आलं, तर यंत्राला किरण कमी पडल्यासारखे वाटतात आणि ते अधिक वेळ चालू राहतं. रक्षणासाठी ठेवलेल्या शिशानं मात्रा वाढते!

पण रीत मोडली ती मुख्यतः मुळावर घाव पडल्यामुळे. १९५६ या त्याच वर्षी जेम्स नील आणि विल्यम शल यांचा हिरोशिमा-नागासाकीचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. युद्धानंतरच्या टंचाईत जपानमध्ये पाचव्या महिन्यापासून गरोदर स्त्रीला नाव नोंदवून जादा शिधा मिळे. त्या शिध्याच्या नोंदींवरून संशोधकांनी सत्तर हजारांहून अधिक बाळंतपणांचा पाठपुरावा केला. बॉम्बच्या माऱ्यातून वाचलेल्यांच्या बाळांत व्यंगांची ठळक वाढ दिसली नाही. पुढच्या दशकांतल्या तपासण्यांतही वारशानं उतरलेला अपाय स्पष्टपणे आढळला नाही. माशी आणि उंदीर यांत जे घडतं ते माणसात मुळीच घडत नाही, असा याचा अर्थ नव्हे. ते इतकं थोडं आहे की एवढ्या मोठ्या गटातही पकडता येत नाही.

या प्रश्नाचा एक धागा मुंबईतून जातो. केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावर थोरियमयुक्त मोनाझाइटची वाळू आहे आणि तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या नेहमीपेक्षा कितीतरी जास्त किरण सोसत राहिली आहेत. १९६० च्या दशकात लंडनच्या हान्स ग्र्युनेबर्गनं तिथले उंदीर तपासले आणि त्याला फारसं काही सापडलं नाही. १९७६ साली दिल्लीच्या डॉक्टरांनी ‘नेचर’मध्ये तिथे डाउन्स सिंड्रोमचं प्रमाण जास्त असल्याचं लिहिलं आणि वाद पेटला. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी मग १९९५ पासून तिथल्या इस्पितळांत जन्मणाऱ्या बाळांची पद्धतशीर पाहणी केली. १ लाख ४० हजारांहून अधिक नवजात बाळं पाहून झाल्यावरही जास्त किरणांच्या गावांत जन्मजात व्यंगं वाढलेली दिसली नाहीत.

किरण-संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या आकड्यांत वारशाची ही भीती कशी ओसरली ते लख्ख दिसतं. किरणांच्या एकूण धोक्यात जननेंद्रियांचा वाटा १९७७ साली ०.२५ धरला होता. १९९० साली तो ०.२० झाला आणि २००७ साली ०.०८. एका एक्स-रेत त्या अवयवांना मिळणारी मात्राही १९५० च्या दशकापासून सुमारे ९५ टक्क्यांनी उतरली आहे. एएपीएमपाठोपाठ ब्रिटनमधल्या तज्ज्ञ संस्थांनी २०२० साली आणि अमेरिकेच्या किरण-संरक्षण परिषदेनं, ‘एनसीआरपी’नं, २०२१ साली हाच सल्ला दिला.

म्युलर चुकला होता असा निकाल यातून देता येत नाही. त्यानं मोजलेल्या बाटल्या खऱ्या होत्या, आणि त्याच्या धाकामुळेच यंत्रं सुधारली, मात्रा उतरल्या. माशीच्या बाटलीतला आकडा थेट माणसाच्या मुलांना लावणं मात्र टिकलं नाही.

तेव्हा मुलाच्या खुब्याचा एक्स-रे काढताना तंत्रज्ञानं ओटीपोटावर शिसं ठेवलं नाही, तर त्यासाठी हट्ट धरू नका. आधी काढलेले एक्स-रे बरोबर न्या, म्हणजे विनाकारण पुन्हा काढावा लागणार नाही. गरोदरपणाची शक्यता असेल तर खोलीत शिरण्यापूर्वीच सांगा. आणि मूल हलू नये म्हणून त्याला धरून आत थांबायची वेळ आली, तर शिशाचा अ‍ॅप्रन स्वतःसाठी जरूर मागून घ्या.